जपानला जायचे ते कसे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा मोठे शब्द माझ्यापाशी नाहीत. पण भिशीच्या पैशातून आपण अकराजणींनी दिवाळीनंतर जपानला जायचे असे ठरल्यापासून मिळेल ते वाचते आहे. आपल्या आळीतली एक मुलगी लग्न होऊन टोकियोला राहते, तिलाही फोनवर विचारून विचारून मी भंडावून सोडले आहे. वहीत जे उतरवले तेच आज सांगते.

प्रवासी कंपनीचा कागद आपण सगळ्यांनी पाहिला. आठ दिवसांत सात शहरे! तो पाहून कोणीतरी म्हणाले, "काकूंना हे झेपायचे नाही, त्यांचे पैसे परत करा." काकूंचे गुडघे दुखतात हे खरे. पण ही भिशी सुरू कोणी केली? काकूंनी. मग काकू गाळण्यापेक्षा शहरे गाळावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. टोकियो, क्योतो, नारा आणि कोयासानचा डोंगर एवढे पुरे. हिरोशिमा सोडावे लागते याचे मला मनापासून वाईट वाटते, पण दहा ठिकाणी नुसते उतरून चढण्यात काय आहे?

चेरीची फुले पाहायची तर मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभी जावे लागते. तेव्हा खोल्यांचे भाव चढलेले, आणि आपल्याकडे मुलांच्या परीक्षा. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात क्योतोला मेपलची पाने लाल होतात. गर्दी तेव्हाही असतेच, पण आपली दिवाळी आवरलेली असते आणि डब्यात चिवडा-चकली शिल्लक असते.

आता जेवणाचे. हाच खरा घोर. आपल्यातल्या सातजणी शाकाहारी. तिकडे मासे दिसले नाहीत म्हणून पदार्थ शाकाहारी असे समजू नये. त्यांच्या सुपात, शेवयांच्या रश्शात, भाजीतसुद्धा 'दाशी' नावाचे पाणी असते, आणि ते बहुधा सुकवलेल्या माशाच्या किसाचे काढतात. म्हणून त्या मुलीकडून जपानी अक्षरात चिठ्ठी लिहून घ्यायची: मांस नको, मासा नको, माशाची दाशीही नको. टोकियोच्या एदोगावा भागात आपली पुष्कळ माणसे आहेत, तिथे डाळतांदूळ मिळतो. अंबरनाथला जन्मलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली त्याच भागाच्या नगरसभेवर निवडून आले.

पण जपानी जेवण जेवायचेच नाही काय? जेवायचे, आणि त्यासाठीच कोयासान. तिथल्या देवळांत मुक्कामाला जागा मिळते आणि भिक्षूंचे 'शोजिन र्‍योरी' जेवण मिळते. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. म्हणजे आपला चातुर्मासच म्हणा ना! दाशी काढायची ती समुद्रातल्या वनस्पतीची किंवा सुक्या अळंब्यांची. सोयाबीनच्या दुधाचे पनीर, दुधावर धरलेली साय, तळलेल्या भाज्या, भात. चतुर्थीवाल्यांची मात्र पंचाईत आहे, साबुदाणा घरूनच न्यावा.

हे स्थान कूकाई नावाच्या आचार्यांनी ८१६ साली वसवले. ८३५ साली ते समाधिस्थ झाले, पण ते अजून ध्यानात बसले आहेत अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि रोज दोन वेळा त्यांच्यापुढे जेवण नेतात. हे वाचले तेव्हा मला आळंदीच आठवली. तिथल्या उंच झाडांखालच्या दगडांवर सिद्धम् लिपीतली संस्कृत अक्षरे कोरलेली आहेत. अग्नीत आहुती देतात त्याला 'गोमा' म्हणतात, तो शब्द आपल्या 'होम' वरूनच गेला. ओसाकाच्या नांबा स्टेशनावरून आगगाडी आणि पुढे दोराची गाडी, सुमारे दोन तास लागतात. जागा आठशे मीटर उंच, तेव्हा लोकरीचे कपडे हवेत. निजायचे जमिनीवर गादी घालून. काकूंसाठी खुर्ची आणि पलंग कोणत्या देवळात मिळेल ते आधी विचारून मगच जागा राखू.

न्हाणीघर तिथे बहुधा सामाईक असते, बायकांचे वेगळे. आधी अंग स्वच्छ धुऊन मग गरम पाण्याच्या हौदात उतरायचे, आणि अंगावर वस्त्र नसते. संकोच वाटेल त्यांनी त्या वाटेला जाऊ नये, एक दिवस तोंडहात धुऊन भागते. आणखी एक. बऱ्याच सार्वजनिक स्नानगृहांत गोंदलेल्या माणसाला मज्जाव असतो, कारण तिकडे ते गुंडांच्या टोळ्यांचे लक्षण समजतात. काकूंच्या हातावरची तुळस पाहून त्यांना कोणी गुंड म्हणेल असे वाटत नाही, पण विचारून घेतलेले बरे!

नाराला तोदाइजी देवळात सुमारे १५ मीटर उंचीचा बुद्ध आहे. ७५२ साली त्याचे डोळे उघडण्याचा विधी झाला, तेव्हा डोळे रंगवण्याचा मान बोधिसेन या आपल्या देशातून गेलेल्या भिक्षूचा होता. टोकियोला उएनोचे तळे पाहावे, तिथे बेनझाइतेनचे देऊळ आहे, म्हणजे आपली सरस्वती. शेजारच्या प्राणिसंग्रहालयातले हत्ती १९४३ साली युद्धात उपाशी ठेवून मारले होते. पुढे मुलांनी पत्रे लिहिली, आणि पंडित नेहरूंनी १९४९ साली इंदिरा नावाची हत्तीण पाठवली. ती १९८३ पर्यंत जगली.

रेल्वेचा सात दिवसांचा पास घेऊ नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत २९,६५० येनांवरून ५०,००० येन झाली. टोकियो-क्योतो जाऊन येऊन सुटी तिकिटे त्याहून बरीच स्वस्त पडतात. जड बॅगा एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात पोचवणारी माणसे असतात, बॅग सहसा दुसऱ्या दिवशी पोचते. तो खर्च मात्र करावाच, जिन्यावर ओझी नकोत. सर्दीच्या काही गोळ्यांना आणि कोडीन असलेल्या काही औषधांना तिकडे बंदी आहे, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून खात्री करून घ्या. ताजी फळे, कढीपत्ता बॅगेत नको.

कंपनीला शनिवारी उत्तर द्यायचे आहे. चार ठिकाणांचा कार्यक्रम ते करून देत असतील तर ठीक, नाहीतर दुसरी कंपनी पाहू. गुरुवारी दुपारी माझ्याकडे या. काकूंचे नाव मी लिहून टाकले आहे. बाकीच्यांनी पासपोर्ट घेऊन यावे, मुदत तपासायची आहे. व्हिसा निघण्यापूर्वीच काढावा लागतो.