दोन रिंगांत न मावणारं

आज जरा जुन्या दिवसांबद्दल बोलूया. जुने म्हणजे फार नाही हां, साधारण २००५ ते २०१२. आपल्यातल्या बऱ्याच जणांची शाळेची वर्षं. विषय एकच घेतेय: मिस्ड कॉल.

आज जे अठरा-एकोणीस वर्षांचे आहेत, त्यांच्यासाठी मिस्ड कॉल म्हणजे उचलायचा राहून गेलेला फोन. आमच्यासाठी तो उचलायचाच नसलेला फोन होता. ‘फोन केला’ आणि ‘मिस्ड कॉल दिला’ या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी होत्या.

आम्ही बार्शीला राहायचो. एक मोबाइल पप्पांकडे दुकानात, दुसरा घरी. घरचा म्हणजे तो टॉर्चवाला नोकिया ११००. रात्री पप्पांचा एक मिस्ड कॉल आला की आई तवा गॅसवर ठेवायची. लागोपाठ दोन आले तर ‘उशीर होईल, जेवून घ्या’. मैत्रिणीचा आला तर ‘खाली ये, मी गेटपाशी आहे’. आणि चुकून कुणी फोन उचलला, तर पलीकडून पहिलं वाक्य काय यायचं? ‘अगं, उचलला कशाला!’ कारण तेव्हा बऱ्याच प्लॅनमध्ये तीन सेकंद बोललं तरी पूर्ण मिनिटाचे पैसे कटायचे.

आता थोडं इंजिनियरसारखं बोलते. तुम्ही नंबर लावता तेव्हा समोरचा फोन कुठल्या टॉवरखाली आहे ते शोधणं, तिथपर्यंत रस्ता जोडणं, रिंग वाजवणं, हे सगळं काम नेटवर्क करतं. पण पैशाचं मीटर सुरू होतं ते फोन उचलल्यावर. त्याआधीचं सगळं फुकट! ही फट लोकांनी बरोब्बर हेरली. मे २००३ पासून आपल्याकडे इनकमिंगचे पैसे लागणं बंद झालं, मग तर काय, ‘बॅलन्स नाहीये, मिस्ड कॉल देते, तू लाव’ हा शिरस्ताच पडला. पुढे यावर धंदाही उभा राहिला. बंगळुरूची झिपडायल नावाची कंपनी मिस्ड कॉलवरच चालायची. जानेवारी २०१५ मध्ये ती ट्विटरने विकत घेतली.

मला यातली खरी गंमत वाटते ती वेगळी. मिस्ड कॉलमध्ये निरोप नसतोच. निरोप आधीच ठरलेला असतो, जातो तो फक्त इशारा. एका रिंगचा अर्थ काय, हे दोन्हीकडच्या माणसांच्या डोक्यात असतं. अख्ख्या घराने मिळून एक कोड बनवलेला, आणि तो कुठेही लिहिलेला नाही.

सगळ्यात भारी कोड आईचा आणि आजीचा होता. आजोळ उदगीरकडच्या एका खेड्यात. तिथे मोबाइल मामाचा, दिवसभर त्याच्याबरोबर शेतात. रविवारी संध्याकाळी तो घरी असायचा. आई दोन रिंगा देऊन कट करायची, म्हणजे ‘आम्ही बरे आहोत’. थोड्या वेळाने तिकडून दोन रिंगा यायच्या. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण रिंगा मोजता येत होत्या. मी आणि माझा भाऊ फोनकडे बघत बसायचो आणि मोठ्याने मोजायचो, एक... दोन... कट! आमच्यासाठी तो खेळ होता.

या भागाची तयारी करताना मी आईला फोन लावला. म्हटलं, ‘आई, ते रविवारचे मिस्ड कॉल आठवतात? काय मजा होती ना?’

आई जरा थांबली. मग म्हणाली, ‘तुम्हाला मजा होती गं. मला दोन रिंगांत एवढंच कळायचं, की ती आहे. तिचा खोकला कसाय, जेवते का नीट, आवाज थकलाय का, ते कुठं कळायचं? बोलायचं म्हटलं की रिचार्जचा हिशोब आधी. सणासुदीला काय बोलणं व्हायचं तेवढंच.’

आजी २०१४ साली गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि पुढच्या काही महिन्यांत आमच्याही घरी कितीही बोला, पैसे तेवढेच, असं झालं. दोन वर्षांचा फरक.

मला ते दिवस आवडतात, आजही. पण त्या काळाची किंमत आम्ही मुलांनी मोजली नव्हती. ती आईने मोजली, पलीकडे आजीने मोजली. त्यामुळे ‘तेव्हा काय भारी होतं’ असं म्हणताना मी आता एक प्रश्न जोडते: कुणासाठी?

आता मी पुण्यात, आई बार्शीला. दिवसातून दोनदा तिचा फोन येतो. विषय काहीच नसतो. ‘काय जेवलीस? सर्दी गेली का? आवाज असा का येतोय?’ तुमच्याही आईचे असेच फोन येत असतील, मीटिंगच्या मध्येच. दोन रिंगांत जे मावत नव्हतं ना, ते हेच आहे.

तुमच्या घरात कुठले कोड होते? घरच्या मोठ्यांना विचारा, आणि फोन न करता मिस्ड कॉलच का द्यायचे, तेही विचारा. उत्तरं व्हॉइस नोटने नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर, फोन आला तर उचला!