संशोधन निधी आणि समाजाचा अधिकार
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



संशोधन निधीच्या नियमावलीचा मसुदा आज आपणांसमोर ठेवीत आहोत. तो तयार करताना कॅनडातील मूलनिवासी समाजांमध्ये एचआयव्हीविषयक संशोधनास पैसा कसा दिला जातो, याचा आम्ही अभ्यास केला. इतक्या दूरचे उदाहरण घेण्याचे कारण असे की, देणाऱ्याने कोणत्या अटी घालाव्यात आणि कोणत्या घालू नयेत, हा प्रश्न तेथे नीट विचारला गेला आहे.

कॅनडाच्या लोकसंख्येत मूलनिवासी सुमारे ५ टक्के आहेत. २०१८ मधील नव्या एचआयव्ही संसर्गांत मात्र त्यांचे प्रमाण अंदाजे १४ टक्के होते. संशोधकांची तेथे वाण नव्हती. उणीव विश्वासाची होती, आणि ती अकारण नव्हती. ब्रिटिश कोलंबियातील नू-चा-नुल्थ समाजाच्या ८८३ व्यक्तींनी १९८०च्या दशकात संधिवाताच्या अभ्यासासाठी रक्त दिले. पुढे तेच नमुने, त्यांना न विचारता, त्यांच्या वंशाचा उगम शोधण्यासाठी वापरले गेले. ते परत मिळाले २००४ मध्ये. अशा समाजाला एचआयव्हीच्या तपासणीसाठी पुन्हा हात पुढे करा, असे कोणत्या तोंडाने सांगावे?

फर्स्ट नेशन्स समाजांनी १९९८ मध्ये चार तत्त्वे मांडली : माहितीची मालकी, तिच्यावरील नियंत्रण, ती पाहण्याचा अधिकार आणि ती प्रत्यक्ष ताब्यात असणे. कॅनडाच्या केंद्रीय आरोग्य संशोधन संस्थेने एचआयव्हीच्या समाजाधारित संशोधनात मूलनिवासींसाठी निधीचा स्वतंत्र विभाग ठेवला. त्यात समाजातील संस्था विद्यापीठाच्या बरोबरीने उभी राहते. केवळ रुग्ण गोळा करून देणारी म्हणून नव्हे.

आम्ही वाणिज्य शाखेचे असल्याने आमचे लक्ष खर्चाच्या शीर्षांकडे अधिक गेले. समाजातील ज्येष्ठांचे मानधन, बैठकीचे भोजन, दूरच्या वस्त्यांचा प्रवास, एचआयव्हीसह जगणाऱ्यांनाच प्रशिक्षण देऊन मुलाखतींच्या कामावर नेमल्यास त्यांचे वेतन, आणि निष्कर्ष त्यांच्याच भाषेत परत नेऊन सांगण्याचा खर्च. आपल्याकडील लेखापरीक्षक यांतील निम्म्या रकमांवर लाल शाई फिरवतील! पहिला नमुना घेण्यापूर्वी कित्येक महिने केवळ बोलण्यात जातात, आणि त्या महिन्यांची पावती कोणी देत नाही. तरीही आमच्या मते खरा खर्च तोच आहे. प्रयोगशाळेचे देयक त्यानंतरचे.

आपल्या गडचिरोलीतही हा अनुभव आहे. शोधग्रामचे रुग्णालय उभारताना आदिवासींना विचारले गेले, तेव्हा ते त्यांच्या घरांसारखे बांधले गेले आणि त्याला त्यांच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे, नाव मिळाले.

काही देणगीदारांनी विचारले आहे की, एका वर्षात निष्कर्ष नसेल तर निधी का द्यावा? प्रश्न रास्त आहे, कारण पैसा आपला आहे. म्हणून मसुद्यात हिशेबाची अट सैल केलेली नाही. प्रत्येक रुपयाचा तपशील दर सहामाहीस सादर होईल. मात्र पूर्वतयारीसाठी स्वतंत्र शीर्ष ठेवले आहे, आणि माहितीच्या वापराबाबत संबंधित वस्तीची लेखी संमती आल्यावाचून दुसरा हप्ता देऊ नये, असे कलम घातले आहे. एखाद्या वस्तीने नकार दिला, तर उरलेली रक्कम निधीत परत येईल आणि तो नकार अहवालात तसाच छापला जाईल.

मसुद्याच्या प्रती आपणांस वाटल्या आहेत. सूचना कार्यालयात लेखी द्याव्यात, ही विनंती.