रासायनिक पेटंटांतील दावे : शब्दांची चतुःसीमा



जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते. पेटंटाच्या कागदपत्रांत तेच काम ‘दावे’ करतात. शोधकाने आपला शोध उघड करावा आणि मोबदल्यात शासनाने त्याला २० वर्षांपुरता मक्ता द्यावा, असा हा व्यवहार आहे. मक्त्याची हद्द दाव्यातील शब्दच ठरवितात. म्हणून दावे स्पष्ट व संक्षिप्त असावेत, असे भारताच्या पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम १० मध्ये म्हटले आहे.

यंत्राचे चाक कोठे, दांडा कोठे, हे चित्राने दाखविता येते. रसायनाच्या बाबतीत भिस्त बव्हंशी शब्दांवर व आकड्यांवर असते. कोपॅक्सोन या औषधाच्या अमेरिकेतील खटल्यात हीच अडचण उभी राहिली. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या व्याधीवरील हे औषध म्हणजे लहानमोठ्या रेणुसाखळ्यांचे मिश्रण होय. त्याचा ‘रेणुभार’ सुमारे ५ ते ९ किलोडाल्टन, असे दाव्यात नमूद होते. मिश्रणाचा रेणुभार म्हणजे सरासरी, हे उघडच आहे. परंतु कोणती सरासरी?

एखाद्या गावी नऊ खातेदारांकडे एकेक हेक्टर आणि दहाव्याकडे ११ हेक्टर जमीन आहे, असे समजू. सर्वांत अधिक आढळणारे खाते १ हेक्टरचे. एकूण क्षेत्रास खातेदारांच्या संख्येने भागल्यास २ हेक्टर. प्रत्येक खात्यास त्याच्या क्षेत्राच्या प्रमाणात महत्त्व दिल्यास उत्तर येते ६.५ हेक्टर! हिशेबाची चूक कोठेही नाही. रसायनज्ञही मिश्रणाचा सरासरी रेणुभार अशाच तीन रीतींनी सांगतात. दाव्यात रीतीचा उल्लेख नव्हता. त्यातच, संबंधित पेटंटांच्या छाननीच्या वेळी अर्जदारांनी एकदा एक अर्थ सांगितला होता, तर दुसऱ्यांदा दुसरा.

पेटंटधारक तेवा कंपनीविरुद्ध सँडोझ, मायलन आणि हैदराबादची नॅटको या कंपन्या उभ्या होत्या. हे पेटंट सप्टेंबर २०१५ पर्यंत चालणार होते. तोवर इतरांना तेच औषध बाजारात आणता येईल की नाही, हा खरा प्रश्न. कनिष्ठ न्यायालयाने दावा ग्राह्य धरला, अपील न्यायालयाने २०१३ मध्ये तो संदिग्ध ठरविला. जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरविचाराचा आदेश दिला आणि जूनमध्ये अपील न्यायालयाने बहुमताने पुन्हा तोच निर्णय दिला. दाव्यात एक विशेषण अधिक असते, तर इतका खटाटोप कदाचित झालाच नसता.

भारतात पेटंट-अर्ज प्रसिद्ध झाल्यानंतर, पेटंट मिळण्यापूर्वी, कलम २५ अन्वये कोणतीही व्यक्ती लेखी हरकत घेऊ शकते. शोधाचे वर्णन पुरेसे व स्पष्ट नसणे, हे हरकतीचे एक मान्य कारण आहे. रेणुभार कोणत्या रीतीने काढला, टक्केवारी वजनाची की आकारमानाची, तापमान कोणते, हे प्रश्न महाविद्यालयीन प्रयोगवहीत शिक्षक नित्य विचारतात. पेटंट-अर्ज हाती घेऊन तेच प्रश्न विचारण्याची मुभा कायद्याने त्यांनाही दिली आहे.