मानववंशशास्त्राच्या चार शाखा आणि आपले हक्क

(विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मानववंशशास्त्र म्हणजे रानावनातील लोकांच्या चमत्कारिक चालीरीतींचा संग्रह, अशी पुष्कळांची समजूत आहे. मी वकील आहे. हे शास्त्र न्यायालयात येते तेव्हा माणसाच्या शिक्षणाचा व भाकरीचा प्रश्न उभा राहतो. म्हणून त्याच्या चार मुख्य शाखा आज आपणांपुढे मांडतो.

पहिली शाखा शारीरिक मानवशास्त्राची. मानवाची उत्क्रांती, शरीररचना आणि आनुवंशिकता हे तिचे विषय. हिच्याच नावाने हर्बर्ट रिस्ले यांनी १८९१ साली बंगालमधील जातींची नाके मोजून, नाक जितके रुंद तितका दर्जा खालचा, असा सिद्धांत मांडला. पुढे १९०१ च्या शिरगणतीचे तेच आयुक्त झाले. परंतु परदेशातून अमेरिकेत आलेल्या लोकांची तेथे जन्मलेली मुले मोजली असता त्यांच्या डोक्याचा आकार आईबापांहून निराळा भरतो, हे फ्रान्झ बोआस यांनी १९११ साली दाखविले. बाबासाहेबांनी तर १९४८ च्या आपल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात शरीरमापनाचेच आकडे पुढे ठेवून, ब्राह्मण व अस्पृश्य यांचे वंश भिन्न नाहीत, असे प्रतिपादन केले.

दुसरी शाखा पुरातत्त्वाची. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीचे तेथील शेतकरी मृत बालकांना दोन मातीच्या कुंभांत ठेवून, कुंभांची तोंडे एकमेकांस जुळवून, घराच्याच जमिनीत पुरीत असत. आज ती रूढी कोठे आहे? जी रूढी अनादी म्हणून सांगितली जाते, तिचे वय कुदळीने तपासता येते.

तिसरी शाखा भाषेची. भाषा आणि रक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिने शिकविले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची मातृभाषा इंग्रजी आहे; म्हणून ते इंग्रज ठरत नाहीत. तद्वतच 'आर्य' हे भाषाकुलाचे नाव आहे. त्यावरून कोणाचा वंश श्रेष्ठ ठरविणे अशास्त्रीय होय.

चौथी शाखा सामाजिक व सांस्कृतिक. विवाह, नातेसंबंध, धर्म व सत्ता यांचा ती विचार करते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकर या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने निबंध वाचला. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनात आहे, असे त्यात सांगितले होते. हैदराबाद व हार्वर्ड येथील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासात असे आढळले की, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी या देशातील लोकसमूहांचे मोठे मिश्रण झाले आणि नंतर गटांतर्गत विवाहाने ते थांबले. म्हणजे पहिल्या शाखेची साक्ष अखेर चौथीच्या बाजूने पडली. जात नाकात नाही. ती विवाहाच्या नियमात आहे, आणि नियम माणसाने केलेला आहे.

आता कायद्याकडे वळू. अनुसूचित जमातीच्या दाव्याची पडताळणी करताना दैवते, विधी, विवाहपद्धती व अंत्यसंस्कार यांची चौकशी करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली सांगितले. हीच अॅफिनिटी टेस्ट. परंतु ज्याचा आजा गाव सोडून मुंबईच्या चाळीत आला, त्या मुलास जुने विधी ठाऊक नसले तर तो परका ठरावा काय? महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने निर्वाळा दिला की, ही कसोटी निर्णायक नव्हे. राज्यघटनेपूर्वीच्या दस्तऐवजांना अधिक वजन आहे. संस्कृती बदलते हे चौथ्या शाखेचे पहिले सूत्र आहे. ते विसरून जो पडताळणी करतो, तो शास्त्राच्या नावाने अन्याय करतो.

मित्रहो, आपल्या पूर्वजांची मापे इतरांनी घेतली आणि निष्कर्षही इतरांनीच लिहिले. आपल्यापैकी काहींनी तरी या शास्त्राची पदवी घ्यावी, आणि जे कायदा शिकतात त्यांनी त्याचे ग्रंथ वाचावेत. तज्ज्ञाचा अहवाल समोर आला म्हणजे त्याची उलटतपासणी कोणत्या प्रश्नाने सुरू करावी, हे आपल्याला कळले पाहिजे.