साडेसाती आणि बढती



संयोजकांनी मला करिअरवर दहा मिनिटं बोलायला सांगितलं. तयारी म्हणून मी आपला व्हॉट्सॲप ग्रुप चाळला. नोकरीधंद्याबद्दल सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती शनीची. २९ मार्च २०२५ ला शनी मीन राशीत गेला, मकरवाले सुटले, मेषवाले सापडले. त्याखाली तिघांनी विचारलं होतं, "मग आता नोकरी बदलू की नको?" म्हणून आज त्यावरच बोलते.

आधी थोडं गणित. गणिताच्या सरांसमोर करतेय, चुकलं तर सांगा. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. राशी बारा, म्हणजे एका राशीत मुक्काम अडीच वर्षांचा. आपल्या राशीच्या आधीची, आपली आणि नंतरची अशा तीन राशींचे मिळून साडेसात. म्हणजे कुठल्याही दिवशी बारांपैकी तीन राशींना साडेसाती असतेच. आज या सभागृहात आपण ऐंशीएक जण आहोत. त्यातले वीसेक जण आत्ता साडेसातीत बसून श्रीखंड-पुरी पचवत आहेत. नोकरीची पस्तीस वर्षं धरली, तर प्रत्येकाची निदान साडेसात वर्षं त्यात जाणारच. तेवढी वर्षं हातावर हात ठेवून बसणं कुणालाच परवडायचं नाही.

माझी रास सिंह. २००९ च्या सुरुवातीला माझी नोकरी गेली. अमेरिकेतल्या बँका अडचणीत आल्या होत्या, आमचं काम त्यांतल्याच एका बँकेचं होतं. एका दिवशी आमच्या टीममधल्या सतरा जणांना पत्रं मिळाली. आई माझी पत्रिका घेऊन ओळखीच्या गुरुजींकडे गेली. शनी तेव्हा सिंहेतच होता. साडेसाती नोव्हेंबर २०११ पर्यंत, तोवर मोठा निर्णय नको, असं त्यांनी सांगितलं. आईला धीर आला. पोरीचा दोष नाही, वेळ वाईट आहे, एवढं तिला ऐकायचं होतं. मला मात्र आमचे सतरा जण आठवत होते. त्यांत मेषेचे होते, तुळेचे होते, पत्रिकाच नसलेलेही होते. पत्र सगळ्यांना सारखंच.

त्याच वर्षी 'करंट सायन्स'मध्ये डॉ. जयंत नारळीकरांच्या चाचणीचा अहवाल आला. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर विशेष मुलांच्या पत्रिका जमवल्या होत्या. सत्तावीस ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या आणि कुठली पत्रिका कोणत्या गटातली, एवढंच ओळखायला सांगितलं. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण आलं ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आलं असतं. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले, तेव्हा मी तो अहवाल पुन्हा वाचला. पत्रिकेवरून एवढा मोठा फरक कळत नसेल, तर जावा शिकू की डेटाबेस, हे त्यातून कसं कळावं?

पण गुरुजींच्या पदरात एक श्रेय टाकायलाच हवं. त्यांनी आईला विचारलं होतं, "मुलीला नेमकं काय करायला आवडतं?" आईने घरी येऊन तोच प्रश्न मला केला. तोवर मला तो कुणी विचारलाच नव्हता, ना कॉलेजात, ना ऑफिसात. उत्तर होतं डेटाबेस. दीड महिन्याने मी कमी पगारावर एका छोट्या कंपनीत तेच काम धरलं. साडेसातीची अडीच वर्षं बाकी होती. आजचं माझं सगळं काम त्या अडीच वर्षांत शिकलेल्यावर उभं आहे.

लोक ज्योतिषाकडे का जातात, हे मला तेव्हा उमगलं. तिथे तासभर कुणीतरी तुमचं निवांत ऐकून घेतं. ही गरज खरी आहे. तिची थट्टा मी करणार नाही.

गेल्या वर्षी माझ्या टीममधल्या एका हुशार मुलीने टीम लीडची बढती नाकारली. सासरच्या ज्योतिषांनी दीड वर्ष थांबायला सांगितलं, म्हणाली. मी पत्रिकेवर वाद घातला नाही. चहाला घेऊन गेले आणि विचारलं, "ग्रह बाजूला ठेव. बढती घेतलीस तर घरी काय अडेल?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, रात्री साडेनऊचा कॉल. बाळ दोन वर्षांचं आहे, त्याला झोपवायला दुसरं कुणी नाही." आम्ही कॉल संध्याकाळी साडेसातला घेतला. अमेरिकेतली माणसं सकाळी लवकर उठायला तयार झाली, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. बढती तिने घेतली. शनी होता तिथेच होता.

घरात "मला जमणार नाही" किंवा "तू करू नकोस" हे सरळ बोलणं अवघड जातं, तेव्हा ते ग्रहांच्या तोंडून बोललं जातं. बायकांच्या बाबतीत तर फारच. शनीला हलवता येत नाही. कॉलची वेळ हलवता येते. म्हणून खरी अडचण काय, तिचं नाव आधी घ्यावं.

आता आपली मुलं दहावी-बारावीला आली आहेत. त्यांच्या पत्रिका ज्याला दाखवायच्या त्याने जरूर दाखवाव्यात. पण आपल्याच तुकड्यांमध्ये नर्स आहे, एसटीचा मेकॅनिक आहे, बँकेतले आहेत, द्राक्षबागायतदार आहे, दोन शिक्षिका आहेत. प्रत्येकाने आपल्या कामाची, पगाराची आणि त्रासाची खरी माहिती कुणाच्याही मुलाला तासभर द्यायची, असं आज ठरवू या. ग्रुपवर यादी मी करते. संगणकवाल्यांत पहिलं नाव माझं घाला. रविवारी सकाळी मी मोकळी असते.