दोन महिन्यांत दोन किलो



दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा कणकण ताप, अंगावरचे कपडे सैल. बेडका तपासला की क्षय निघू शकतो. सहा महिन्यांच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण खाण्याचं काय?

१९५६ साली मद्रासला एक अभ्यास सुरू झाला. काही रोगी सॅनिटोरियममध्ये चांगल्या आहारावर ठेवले, काही घरीच. औषध दोन्ही गटांना तेच. घरी राहिलेल्यांचं वजन कमी वाढलं, तरी ते तितकेच बरे झाले. रोगी घरी बरा होतो, हे त्यातून कळलं. मात्र आहाराचा विषय मागे पडला.

तो पुढे आणला झारखंडने. २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या चमूने तिथल्या २,८०० रोग्यांना औषधासोबत महिन्याला दहा किलो शिधा दिला. पाचातले चार रोगी मुळातच हडकलेले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. चाळीस किलोच्या माणसाला पाच टक्के म्हणजे फक्त दोन किलो! काही भागांत घरच्यांनाही माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ मिळाली. तिथे कुटुंबात नवा क्षय ३९ टक्क्यांनी घटला.

तूर तर आपल्या राजुऱ्याच्या शेतात पिकते. पण घरात आजारी सून असेल, तर ती सगळ्यांच्या मागून जेवते आणि तिच्या वाट्याला वरणाचं नुसतं पाणी येतं. तिला आधी वाढा. घट्ट वरण, अंडं, मूठभर शेंगदाणे, भातावर जवसाची चटणी, तेलाची धार. सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला हजार रुपये बँकेत येतात, ते यासाठीच खर्च व्हावेत. मात्र नुसत्या खाण्याने क्षय जात नाही. गोळी एक दिवसही चुकवू नका.

औषध सुरू होईल त्या दिवशीचं वजन कार्डावर लिहून घ्या आणि दर महिन्याला त्याच काट्यावर उभे राहा. गोळ्यांची संख्याही वजनावरच ठरते. दोन महिन्यांनी काटा हलला नसेल, तर आशाताईंना सांगून डॉक्टरांकडे जा. औषधाला न जुमानणारे जंतू असतील, मधुमेह असेल, किंवा घरात डाळच नसेल. कारण कोणतंही असो, ते तिथे सांगायला लाजू नका.