पांढरीच्या मातीचे थर
(जीर्णोद्धार समारंभात झालेले भाषण)



वेरूळचे कैलास लेणे अखंड पाषाणात कोरलेले आहे. श्री घृष्णेश्वराचे देऊळ अठराव्या शतकात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी पुन्हा उभारले. दगडाचे काम असे पुन्हा उभे करता येते. रयतेची घरे मात्र मातीची. एक पडले की त्याच्याच ढिगावर दुसरे उभे राहिले, आणि गावची पांढर उंच होत गेली. हे थर म्हणजे गावाचे दप्तरच. सर्वांत जुना कागद तळाशी. ते एकदा उपसले की पुन्हा लावता येत नाही.

दायमाबादचे उदाहरण घ्यावे. प्रवरेकाठच्या या गावी १९७४ साली झाडाचे मूळ खणताना एका भिल्ल ग्रामस्थास ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा मिळाले. वजन साठ किलोंहून अधिक! पुढे १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांनी तेथे उत्खनन करून एकावर एक अशा पाच काळांच्या वस्त्या दाखविल्या. मूर्ती उत्तर हडप्पा काळच्या, असे त्यांचे मत. डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या घटकांवरून शंका घेतली. मूर्ती शास्त्रीय उत्खननात थरातून निघाल्या असत्या, तर हा वाद इतका लांबला नसता.

सन १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरील गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. नुसत्या मातीची वर्दी कोण देणार? तीच माती गाड्या भरून धाब्यावर आणि शेतात जाते.

थर जपण्याची एक युक्ती आहे. खड्ड्याची उभी बाजू तासून कोरडी करतात, तिच्यावर पातळ लाखेसारखे रसायन मारतात, वर विरळ कापड चिकटवितात. वाळल्यावर कापड सोलले की मातीचा पातळ पापुद्रा थरांसह निघतो. मग तो फळीवर बसवितात. चित्र आरशातल्यासारखे उलटे येते, एवढेच. वाळूमिश्रित मातीत हे चांगले साधते. चिकण मातीत रसायन नीट मुरत नाही.

जेथे हे जमणार नाही, तेथे देवळाचा पाया खणताना एक बाजू सरळ तासून, टेप लावून, फोटो व नकाशा काढून ठेवावा आणि पुरातत्त्व खात्यास कळवावे. खड्डा बुजविताना तळाशी चालू सालाचे नाणे टाकावे, म्हणजे पुढे खणणाऱ्यास आपला हात कोठवर पोहोचला होता ते कळेल.